पानगळीतला वसंत : एक झाड, एक तास

फेब्रुवारी सरता सरता बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरून आलेली मंडळी हमखास एक वाक्य बोलतात : "पावसाळ्यात जा हो, आत्ता काय, सगळं रान वाळलंय." त्यांचं अगदीच खोटं नाही. साग उघडाबोडका झालेला असतो. कारवीच्या काड्या वाऱ्यावर खडखडतात, पायाखाली पाचोळा चुरचुरतो आणि पावसात धो धो वाहणाऱ्या ओढ्यांत नुसते दगडगोटे उरतात. पण याच दिवसांत काटेसावर, पळस, पांगारा आणि कौशी फुललेल्या असतात, कुसुमाला नवी पालवी फुटत असते आणि पक्ष्यांची विणीची गडबड सुरू झालेली असते. आपल्या पानगळीच्या रानात वसंत लाल-केशरी रंगात येतो, तोही उघड्या फांद्यांवर. हिरवाई शोधत गेलेल्याला तो दिसत नाही.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. रानात मात्र त्याची चाहूल माघातच, वसंतपंचमीच्या सुमारास लागते आणि होळीला तो ऐन भरात असतो. इंग्रजी महिन्यांत सांगायचं तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर. या सहा आठवड्यांत रान कसं पाहावं, कुठे थांबावं, काय ऐकावं आणि कशापासून जपावं, हे या लेखात सांगायचं आहे. उदाहरणाला बोरिवलीचं उद्यान घेतलं आहे. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरवर पसरलेलं हे रान, लोकलने पोचता येईल असं. पण यातलं बहुतेक सारं सह्याद्रीच्या उतारावरच्या कुठल्याही पानगळीच्या रानाला लागू पडेल.

सगळी घाई पावसासाठी

आधी एक प्रश्न सोडवू. पाणी आटत चाललेलं असताना, ऊन वाढत असताना झाडांनी फुलावं तरी का?

याचं उत्तर जूनमध्ये आहे. बी रुजायला पाऊस हवा. पहिल्या पावसाआधी बी तयार होऊन जमिनीवर पडायचं असेल तर फळ एप्रिल-मेमध्ये पिकलं पाहिजे, आणि फळ तेव्हा पिकायचं तर फूल आत्ताच यायला हवं. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये उकलतात आणि कापसाला चिकटलेलं बी वळवाआधीच्या वाऱ्यावर निघून जातं. पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी घेऊन वाऱ्यावर भिरभिरते. करवंद आणि जांभळाचं बी पाखरांच्या आणि जनावरांच्या पोटातून पसरतं.

पानं गाळण्यातही हिशेब आहे. पानांतून पाण्याची वाफ होते. पानं टाकली की तो खर्च वाचतो आणि खोडात-मुळांत साठवलेल्या ओलाव्यावर फुलोरा निघतो. पानांचा आडपडदा नसला की फुलं लांबून दिसतात, पाखरांना फांदीवर बसायला मोकळी जागा मिळते आणि वाऱ्याला वाट मिळते. उघडं झाड म्हणजे मेलेलं झाड, हा समज आधी मनातून काढून टाका. मग रान वेगळं दिसू लागतं.

ओळख कोणाकोणाची करून घ्यावी

पहिल्याच फेरीत पन्नास झाडं ओळखण्याचा हट्ट नको. पुढची सात-आठ ओळखता आली तरी फेरी सार्थकी लागली.

काटेसावर लांबूनच कळते. सरळसोट खोड, मजल्यामजल्याने आडव्या निघालेल्या फांद्या, आणि त्यांवर तळहाताएवढी लालभडक, जाड पाकळ्यांची फुलं. कोवळ्या झाडाच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. जुन्या खोडाच्या बुडाशी ते पुष्कळदा झिजलेले दिसतात.

पळस सावरीपेक्षा बुटका आणि वेडावाकडा वाढतो. त्याचं गळून पडलेलं एक फूल तळहातावर घ्या. बुडाशी काळपट मखमली टोपी, त्यातून निघालेल्या पाच केशरी पाकळ्या. एक पाकळी मागे उभी, दोन बाजूला, आणि खालच्या दोन एकमेकींना जोडून झालेली बाकदार चोच. ही चोच बोटाने हलकेच खाली दाबली की आत लपलेले पुंकेसर बाहेर डोकावतात. मधासाठी आलेलं पाखरू हेच करतं आणि परागाचा टिळा लावून पुढच्या फुलाकडे जातं. या चोचीवरूनच संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, "हा पोपट तर नव्हे?" अशा अर्थाने. पळसाला पानं तीनच हे आपण सगळेच म्हणतो, पण बहरात ती तीनही नसतात. ती पाहायला एप्रिल-मेमध्ये पुन्हा यावं लागतं.

पांगाऱ्याच्या काटेरी फांद्यांच्या टोकांना लाल फुलांचे तुरे असतात. पळसाशी याची गल्लत होते. पळसाच्या फुलांनी अख्खी फांदी मढलेली असते, पांगाऱ्याची फुलं टोकाशी झुबक्याने असतात. एवढी खूण पुरते.

कौशी ही या रानाची खास भेट. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे जाताना निष्पर्ण फांद्यांवर शेंदरी रंगाच्या बोटभर नळ्यांचे घोस लगडलेले दिसले की ती कौशी. शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, या झाडावर दिवसभर भांडत असतात. बहर संपल्यावर तिच्या शेंगा पिकण्याआधीच पानासारख्या उघडतात आणि बिया त्या पानाच्या कडेला चिकटलेल्या दिसतात. एकदा पाहिलेलं विसरता येत नाही.

खडकाळ उतारावर गणेर पाहा, हिलाच सोनसावर म्हणतात. काळ्या कातळावर, पान नसलेल्या झाडावर पिवळीधमक वाटीएवढी फुलं. या फुलात मध नसतो, परागच असतो. तोही पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांत बंद. काळा भुंगा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. जवळ उभं राहिलात तर त्या वेळी भुंग्याची गुणगुण एकदम बारीक आणि चढी झालेली ऐकू येते.

कुसुम फुलासाठी पाहायचा नाही, पालवीसाठी पाहायचा. मार्चमध्ये याची नवी पानं इतकी लाल असतात की लांबून झाड पेटल्यासारखं दिसतं. आठवड्या-दोन आठवड्यांत तो रंग तांबूस, पोपटी आणि मग हिरवा होत जातो. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि तांबडं रंगद्रव्य जास्त असतं. त्याने उन्हापासून आणि किड्यांपासून कोवळेपणी बचाव होतो, असं मानतात. पळस आणि कुसुम या दोन्ही झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात.

आता नजर खाली आणा. वाटेच्या कडेला धायटीची झुडपं लाल नळीदार फुलांनी भरलेली असतात. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं लागतात. करवंदीच्या जाळीत पांढऱ्या चांदण्या फुललेल्या असतात आणि त्यांचा वास जुईची आठवण करून देतो. उक्षीचा वेल हिरवट-पांढऱ्या झुपक्यांनी झाकलेला असतो. त्याच्या खोडात पाणी साठतं आणि रानातल्या माणसाची अडल्या वेळी तहान भागवतं. आपण मात्र पाण्याची बाटली जवळ ठेवावी, वेल तोडू नये. सावलीच्या जागी अंजनी भेटली तर तिच्या फांद्यांना बिलगलेली जांभळी-निळी बारीक फुलं डोळे निवांत करतात.

कुंभा आणि मोह यांच्यासाठी मात्र लवकर उठायला हवं. कुंभ्याचं गुलाबी-पांढरं, झुबकेदार फूल रात्री उमलतं आणि सकाळी गळून पडतं. मोहाची मांसल, गोड फुलं पहाटे टपटपतात. उन्हं चढल्यावर गेलात तर फक्त सडा दिसेल.

चालू नका, बसा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आता. रानात तीन तास चालण्यापेक्षा फुललेल्या एका झाडाजवळ एक तास बसा. चालणाऱ्या माणसापासून रान सतत दूर सरकत असतं. बसलेल्या माणसाला ते हळूहळू विसरतं आणि आपल्या कामाला लागतं.

त्यासाठी काटेसावरीसारखं झाड नाही. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा. बूड टेकण्याआधी काठीने पाचोळा चाळवून पाहा. मोबाइल आवाज बंद करून खिशात ठेवा.

पहिली दहा-पंधरा मिनिटं फारसं काही घडत नाही. मग बुलबुल येतात, डोकं फुलाच्या पेल्यात बुडवतात आणि कपाळाला पराग माखून बाहेर काढतात. साळुंक्या कलकलाट करत उतरतात. पळसमैनांचा थवा आला तर सगळं झाडच बोलू लागतं. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे हिवाळी पाहुणे एप्रिलपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. कोतवाल मधही पितो आणि मधाला आलेले किडेही टिपतो. राघू मात्र फूल खुडतो, चावतो आणि टाकून देतो. खार फांदीला उलटी लटकून मध चाटते. कोण येतो, कोण कोणाला हाकलतो, कोण परागाला हात न लावता नुसता फुकटचा मध पितो, हे लिहून ठेवा.

मध्येच "थप्प" असा आवाज येईल. ते फूल पडलेलं असतं. उठून ते उचला. पाकळ्या जाड, गुळगुळीत, पाच. आत साठाहून अधिक पुंकेसर, आणि नीट पाहिलं तर ते जुड्या बांधून उभे : बाहेर पाच जुड्या, मधोमध एक. बुडाशी उरलेल्या गोडव्याला मुंग्या लागलेल्या. पाहून झालं की फूल तिथेच ठेवा. चितळ आणि भेकरं ही फुलं आवडीने खातात. उन्हाळ्याच्या तोंडावर, गवत वाळलेलं असताना, हा त्यांचा ओला घास असतो. वानरांची टोळी झाडावर असली की चितळं खालीच घुटमळतात, कारण वरून निम्मं खाल्लेलं पुष्कळ खाली पडतं. वानरंही उंचावरून बिबट्या दिसला की खॅक-खॅक करून सगळ्यांना सावध करतात. एका झाडाभोवतीचा हा शेजारधर्म चालत्या माणसाला दिसत नाही.

डोळ्यांआधी कान

वसंतात पाखरं दिसण्याआधी ऐकू येतात. पाच आवाज आधी शिकून घ्या.

कारागिराने तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसा एकसुरी "टुक-टुक-टुक" म्हणजे तांबट. उघड्या फांदीच्या शेंड्यावर, हिरवा, कपाळावर लाल टिळा. बोलताना मान वळवतो म्हणून आवाज कधी इकडून, कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. "कुटुर्र, कुटुर्र" असं रानभर घुमणारं ओरडणं त्याच्याच जातभाईचं, कुटुरग्याचं. दोघंही वठलेल्या फांदीत ढोली कोरतात. वठलेली फांदी रानाला का हवी, याचं याहून चांगलं उत्तर नाही.

तिसरा कोकीळ. गातो तो काळा नर, मादी ठिपक्याठिपक्यांची आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात. चौथा पावशा. "पेरते व्हा" म्हणून शेतकऱ्याला जागवणारा हा पक्षी मार्चपासूनच बोलू लागतो आणि चढत्या सुरात पुन्हा पुन्हा तेच सांगतो. पाचवा भृंगराज. हा नकलाकार आहे. एकाच झाडातून चार पक्ष्यांचे आवाज आले तर शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुपके असलेला काळा पक्षी शोधा.

राखी धनेशही याच दिवसांत घरटं धरतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट उरते. पुढचे कित्येक आठवडे नर तिला, आणि पुढे पिल्लांनाही, वड-उंबराची फळं आणून भरवतो. एखादा नर त्याच त्या खोडाकडे वारंवार येताना दिसला तर ओळखा आणि मागे फिरा. आपल्या भीतीने तो यायचा थांबला तर आतलं कुटुंब उपाशी राहतं.

निघण्यापूर्वी

उद्यान सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी प्रवेश सुरू होताच आत जा, कारण नऊ-साडेनऊनंतर पाखरं सावलीला जातात. मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता नवख्यांसाठी पुरेसा आहे. शिलोंढ्यासारख्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाऊ नये. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करावी. 1883मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला याच रानाच्या कुशीत आहे. पहिली फेरी जाणत्यांबरोबर झाली तर पुढच्या दहा सोप्या जातात. उद्यानातल्या पाड्यांवरची वारली मंडळी भेटली तर त्यांना झाडांची नावं आवर्जून विचारा. पुस्तकात नसलेलं पुष्कळ कळतं.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पायात बूट. वाळल्या गवतात गोचीड असतात, म्हणून घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, वही, पेन्सिल, असेल तर 8 बाय 42ची दुर्बीण.

तीन गोष्टींपासून खास जपा. पहिली खाजकुइली. तपकिरी, लवदार, वाकड्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात आणि नुसत्या वाऱ्याने उडालेली लवही अंगाची आग करते. अशी वेल दिसली की वारा जिकडून येतो त्या बाजूने पुढे जा. लव लागलीच तर चोळू नका, आधी चिकटपट्टी लावून उपटून काढा आणि मग धुवा. दुसरी आग्या मोहोळ. उंच सावरीला किंवा कड्याला लोंबणारी पोळी दिसली तर लांबून पाहा. अत्तर लावू नका, धूर करू नका, खडा तर मुळीच मारू नका. तिसरी गोष्ट बिबट्या. हे त्याचं घर आहे. अंधार पडण्याआधी बाहेर या, मुलांना पुढे-मागे एकटं सोडू नका आणि चुकून समोर आलाच तर पळू नका, खाली वाकू नका, नजर न काढता सावकाश मागे सरा.

पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाइलवर त्यांचेच आवाज लावणं ही सध्याची वाईट सवय आहे. विणीच्या दिवसांत नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो घरटं सोडून भांडायला येतो. ते करू नका. घरट्याचे फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका. माकडांना काही खायला घालू नका.

वहीत काय लिहावं

नोंद साधी असावी. तारीख, वेळ, झाड, त्याची अवस्था आणि पाहुणे. उदाहरणार्थ : "काटेसावर. पानं नाहीत. कळ्या थोड्या, फुलं भरपूर, बोंडं नाहीत. पाहुणे : बुलबुल, साळुंकी, कोतवाल, खार." बस्स. मग पुढच्या रविवारी त्याच झाडाकडे जाऊन पुन्हा तेच लिहा. दोन महिन्यांत तुमच्यापाशी एका झाडाचं चरित्र तयार होतं. पुढच्या वर्षी त्याच तारखांना नोंदी केल्या की बहर लवकर आला की उशिरा, हे तुमच्याच वहीतून कळतं. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात 2010पासून अशाच नोंदी सामान्य लोकांकडून जमवल्या जातात. शाळेतल्या मुलांनाही त्यात भाग घेता येतो.

रान जवळ नसेल तरी अडत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गणेर आणि मेडशिंगी आहे, विदर्भात गावकुसाबाहेर पळस आणि मोह आहे, कोकणात घरामागे करवंदीची जाळी आहे. काहीच नाही तर रस्त्यावरचा पिंपळ आहे. त्याची तांबूस, सळसळती पालवी याच दिवसांतली.

एक विनंती

वसंताचे हेच दिवस वणव्याचेही आहेत. आपल्या रानातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, कुणी विडी टाकतं, कुणी सहलीची चूल तशीच सोडून जातं. रातवा पक्षी घरटं बांधत नाही, पाचोळ्यावरच अंडी घालतो. रानकोंबडीही जमिनीवरच अंडी उबवते. गेल्या पावसात उगवलेली सावरी-पळसाची बोटभर रोपं याच पाचोळ्यात उभी असतात. आग पुढे सरकते तेव्हा उंच झाड वाचतं, पण त्याची पुढची पिढी जळते. म्हणून रानात काडी पेटवू नका, पेटवणाऱ्याला समजावा आणि धूर दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. होळीसाठी उभं झाड तोडू देऊ नका. रंगासाठी पळसाची फुलं हवी असतील तर रस्त्याकडेच्या, गावातल्या झाडाखाली पडलेली तेवढी वेचा. राखीव रानातलं काहीच घरी आणू नका.

1926 हा क्रमांक मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेवा. आणि येत्या रविवारी एक झाड निवडून त्याच्याजवळ तासभर बसा. मार्चअखेर सावर फुलं गाळून मोकळी झालेली असेल.